विषाणूच्या वाटा

२०२० च्या मे महिन्यात सारा देश एका विषाणूच्या धास्तीने घरात बसला होता, तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याचे टोमॅटो उत्पादक दुसऱ्याच विषाणूशी झुंजत होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले-संगमनेरपासून पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-नारायणगावच्या पट्ट्यापर्यंत टोमॅटो एकसारखा लाल होईना. एकाच फळावर लाल, पिवळे आणि हिरवे डाग, फळ कडक, कुठे कुठे आतून काळपट. शेतकऱ्यांनी त्याला नाव दिले ‘तिरंगा’. त्यातच टोमॅटोवरचा हा विषाणू माणसालाही बाधतो अशी आवई उठली. वनस्पतीचा विषाणू माणसात रोग निर्माण करत नाही, हे शास्त्रज्ञांना जाहीरपणे सांगावे लागले.

नमुने बंगळूरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेकडे गेले. तपासणीत मुख्य दोषी म्हणून काकडी मोझॅक विषाणूचे नाव पुढे आले. पण तोवर बियाणे, खते, पाणी, हवामान अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता आणि हाताला लागेल ते औषध फवारूनही झाले होते. रोग कोणता हे कळण्याआधीच उपाय सुरू झाले होते. प्रस्तुत पुस्तकाची गरज नेमकी इथे उभी राहते. विषाणू म्हणजे काय, तो आत कसा शिरतो, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर किंवा एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात कसा जातो आणि त्याला कुठे अडवता येते, या चार प्रश्नांची उत्तरे मराठी वाचकाला एकत्र मिळावीत, असा हा प्रयत्न आहे.

हे प्रश्न जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवारातून विचारण्यामागे कारण आहे. पश्चिमेला नाणेघाट आणि भीमाशंकरचा मुसळधार पाऊस, भात आणि हिरड्याची झाडे. पूर्वेला उतरत गेले की पाऊस आटत जातो. हा पूर्वेकडचा भाग हिरवा केला तो धरणांनी. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांमुळे कालव्याचे पाणी आले, आणि पाण्यामागोमाग तरकारी आली. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, मंचरची तरकारी, ओतूर-आळेफाट्याचा कांदा ही नावे राज्याबाहेरच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहेत. काकडी, मिरची, ढोबळी, भोपळा, झेंडू, टोमॅटो अशी पिके एकामागून एक, बांधाला बांध लावून, जवळजवळ बारा महिने उभी असतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही समृद्धी आहे, आणि विषाणूच्या दृष्टीनेही. विषाणूला जिवंत पेशी लागते. जमीन उन्हाळ्यात पडीक राहिली, की पिकावर अवलंबून असलेल्या बऱ्याच विषाणूंची साखळी आपोआप तुटायची. आता जुना प्लॉट उपटायच्या आत शेजारी नवी रोपे लागलेली असतात. मधल्या काळात बांधावरची कामुनी आणि धोतरा आहेतच. जुन्या प्लॉटवरचे किडे नव्यावर उतरतात आणि सोबत रोग घेऊन येतात. कालव्यामुळे शेतीत जो बदल झाला, त्याचीच ही दुसरी बाजू आहे.

विषाणूची रचना समजून घेताना पहिली अडचण आकाराची येते. टोमॅटोवर येणारा टोमॅटो मोझॅक विषाणू हा तंबाखू मोझॅक विषाणूचा सख्खा नातलग. तंबाखू मोझॅकचा एक कण काठीसारखा, लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी १८ नॅनोमीटर. म्हणजे असे तीन हजारांहून अधिक कण टोकाला टोक लावून मांडले, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. मक्याच्या बिट्टीभोवती दाणे बसावेत तशी प्रथिनाचे २,१३० एकसारखे घटक एका आरएनए धाग्याभोवती मळसूत्री वळणाने बसलेले असतात. त्या धाग्यात जेमतेम ६,४०० अक्षरांचा मजकूर असतो. एवढ्या मजकुरात पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती काढण्याची, शेजारच्या पेशीत सरकण्याची आणि नवे कवच बनवण्याची सगळी आज्ञावली मावते.

सगळे विषाणू असे काठीसारखे नसतात. काकडी मोझॅकचा कण गोलसर, १८० प्रथिनांच्या कवचाचा. त्याचा आरएनए तीन मुख्य तुकड्यांत विभागून वेगवेगळ्या कणांत भरलेला असतो. टोमॅटोची पाने वळवणाऱ्या लीफ कर्ल विषाणूंचे कण जुळे, दोन गोळे एकमेकांना चिकटल्यासारखे, आणि त्यांच्यात आरएनएऐवजी वर्तुळाकार डीएनए. शेंडा करपवणाऱ्या भुईमूग शेंडेमर विषाणूवर तर मेदाचे पातळ आवरण असते. कोरोना विषाणूवरही असेच आवरण होते आणि त्याचा आरएनए सुमारे ३०,००० अक्षरांचा, म्हणजे तंबाखू मोझॅकच्या जवळपास पाचपट. या फरकांची नोंद केवळ कुतूहलापोटी करायची नाही. मेदाचे आवरण साबणाने फुटते, म्हणून २०२० मध्ये हात धुण्याला इतके महत्त्व आले. उलट तंबाखू मोझॅकच्या घराण्यातले विषाणू इतके चिवट, की वाळलेल्या पाल्यात आणि हत्यारांवर दीर्घकाळ टिकून राहतात. कण कसा घडलेला आहे, यावर तो पेशीबाहेर किती काळ तग धरील हे ठरते, आणि त्यावरच त्याला अडवायचे ठिकाणही.

विषाणूशास्त्राचा जन्म दवाखान्यात नव्हे, तंबाखूच्या शेतात झाला. हॉलंडमध्ये काम करणाऱ्या अडोल्फ मायर यांनी १८८६ मध्ये ठिपकेदार पानांच्या तंबाखूचा रस निरोगी रोपात टोचून रोग पसरतो हे दाखवले आणि त्याला ‘मोझॅक’ म्हटले. रशियाच्या दिमित्री इवानोव्स्की यांनी १८९२ मध्ये तो रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. तरी त्यातला रोग गेला नाही. मार्टिनस बायरिंक यांनी १८९८ मध्ये याच प्रयोगातून धाडसी निष्कर्ष काढला: हा जिवाणू नाही, पेशीबरोबर वाढणारा वेगळाच संसर्गकारक आहे. त्यांच्या मते तो द्रवरूप होता. इवानोव्स्की मात्र गाळणीतून निसटलेला सूक्ष्म जिवाणू किंवा त्याचे विष मानत राहिले. १८९८ मध्येच जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा कारकही गाळणीतून पार होतो हे दाखवले. विषाणूशास्त्राची पहिली दोन उदाहरणे अशी शेतातली आणि गोठ्यातली आहेत.

पुढची लढाई रसायनशास्त्राची. वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ मध्ये तंबाखू मोझॅकचे स्फटिक मिळवले. मिठासारखा स्फटिक होणारी वस्तू जिवंत कशी, असा प्रश्न जगभर गाजला. स्टॅन्लींना तो निव्वळ प्रथिन वाटला. इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी त्यात आरएनए असल्याचे दाखवून दिले. १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो प्रथमच माणसाच्या नजरेस पडला. १९५० च्या दशकात रोझलिंड फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडत नेली. १९५६ मध्ये, कवच काढून टाकलेला नुसता आरएनएही रोपाला रोगी करतो, हे सिद्ध झाले. रोगाचा मजकूर कवचात नसून धाग्यात आहे हे कळल्यावर वादाचे स्वरूपच पालटले. डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये मांडलेली विभागणी याच धाग्यावर उभी आहे: डीएनए की आरएनए, एकपदरी की दुपदरी, आणि त्यापासून प्रथिने बनवण्याचा मार्ग कोणता.

ढोबळमानाने या शास्त्रात तीन दृष्टी दिसतात. रचनेकडे पाहणारी पहिली, जी कणाचे रूप उलगडते. दुसरी पेशीच्या आत पाहणारी, जी विषाणू पेशीची यंत्रणा कशी ताब्यात घेतो याचा माग काढते. आधुनिक जनुकशास्त्राचा मोठा भाग तिच्यातूनच आला. तिसरी शिवाराकडे पाहणारी: कीटक, तण, हंगाम, वारा, बाजार आणि माणूस यांच्या जाळ्यात रोग कसा फिरतो हे शोधणारी. प्रयोगशाळेला पहिल्या दोन दृष्टींनी नावलौकिक दिला, पण पीक वाचवायचे तर तिसरीच उपयोगी पडते. पुस्तकाचा कल तिसरीकडे आहे, मात्र पहिल्या दोघींना वगळून ती समजत नाही, हेही त्याने ओळखले आहे.

या शास्त्राची एक बळकट परंपरा पुण्यातच आहे, आणि ती मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातून केली. १९३८ मध्ये पुण्यात वनस्पती विषाणूंच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. १९४० मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी भेंडीचा तो रोग विषाणूचा असल्याचे दाखवले. पुढे त्याची वाहक पांढरी माशी हेही स्पष्ट झाले. ज्याला शेतकरी ‘हळद्या’ किंवा ‘केवडा’ म्हणतात, तो हाच. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. या संस्थेने १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथून वाळूमाशीमार्फत पसरणारा एक नवा विषाणू शोधला आणि गावाचे नाव जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. २०२० मध्ये कोरोना विषाणू वेगळा करून वाढवण्याचे काम भारतात प्रथम याच संस्थेत झाले.

संसर्गाची सुरुवात पेशीच्या दारात होते. प्राण्याच्या पेशीला नुसते पातळ आवरण असते, त्यामुळे विषाणू पृष्ठभागावरच्या एखाद्या प्रथिनाला पकडून आत शिरतो. कोरोनाच्या काट्यांनी एसीई-२ नावाचे प्रथिन असेच पकडले. वनस्पतीच्या पेशीभोवती मात्र सेल्युलोजची भिंत असते आणि ती ओलांडण्याची ताकद एकाही वनस्पती विषाणूत नाही. त्याला जखम लागते. किडीची सोंड, बांधणीच्या सुतळीचा घासा, शेंडा खुडताना तुटलेली केसाळ लव, बस्स. एकदा आत गेला, की पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून तो शेजारी सरकतो, अन्नरसाच्या नलिकेत उतरतो आणि काही दिवसांत शेंड्यापर्यंत पोहोचतो. म्हणून लक्षणे कोवळ्या पानांवर आधी दिसतात. म्हणूनच लहानपणी लागण झालेले रोप सर्वांत जास्त नुकसान करते, आणि तोडे चालू असताना लागण झालेले झाड बरेच फळ देऊन जाते.

वनस्पतीला प्रतिपिंडे नसतात, त्यामुळे तिला प्राण्यांसारखी लस देता येत नाही. मात्र ती निःशस्त्रही नाही. परक्या आरएनएचे तुकडे करून त्याला गप्प करण्याची एक यंत्रणा तिच्याकडे असते. १९९० च्या दशकात ती उलगडली. विषाणूंनीही तिच्यावर तोड काढलेली आहे: काकडी मोझॅकमध्ये हीच यंत्रणा लुळी पाडणारे एक खास प्रथिन आहे.

आता मुख्य मुद्दा. नारायणगाव-मंचर पट्ट्यातला शेतकरी ‘व्हायरस आला’ असे एकाच शब्दात म्हणतो, पण त्या एका शब्दामागे निदान चार वेगळे रोग आणि चार वेगळ्या वाटा असू शकतात.

काकडी मोझॅक माव्यावर स्वार होऊन येतो. रोगट पानात सोंड खुपसून मावा काही सेकंदांत विषाणू उचलतो आणि तितक्याच झटपट दुसऱ्या झाडाला देतो. काही तासांत त्याच्या सोंडेवरचा विषाणू संपतोही. या घाईमुळे कीटकनाशकाला वावच उरत नाही. औषध लागून मावा मरेपर्यंत त्याने आपले काम उरकलेले असते. हा विषाणू १,२०० हून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो. काकडी आणि मिरचीपासून केळीपर्यंत. जळगावच्या केळीबागांत ज्याला ‘हरण्या’ म्हणतात, तोही याच विषाणूचा प्रताप.

लीफ कर्लची तऱ्हा निराळी. पांढऱ्या माशीला तो उचलायला बराच वेळ रस शोषावा लागतो. मग विषाणू तिच्या आतड्यातून रक्तात, तिथून लाळग्रंथीत जातो आणि काही तासांनी ती रोग देऊ लागते. त्यानंतर ती कित्येक दिवस, कधी आयुष्यभर, वाहक राहते. इथे मधला वेळ मिळतो. माशी वेळेत आवरली तर प्रसार खरोखर मंदावतो. शेंडेमर विषाणूचा मामला आणखी वेगळा. त्याचे वाहक फुलकिडे. विषाणू फक्त त्यांची पिल्ले घेऊ शकतात आणि पसरवतात ते मोठे झालेले पंखवाले. पिल्लूपणी विषाणू न मिळालेला प्रौढ फुलकिडा रोगट झाडावर कितीही चरला तरी वाहक होत नाही. म्हणून फुलकिडे ज्या झाडांवर वाढतात ती झाडे, तणे आणि जुने प्लॉट हेच खरे लक्ष्य.

टोमॅटो मोझॅकला तर किडीची गरजच नाही. तो बियाण्याच्या सालीवरून येतो, हाताने, कात्रीने, सुतळीने आणि कपड्याने पसरतो. बांधणी करणारा मजूर एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जातो तसा विषाणूही जातो. तंबाखू मळलेला हात तसाच रोपाला लागला तर धोका वाढतो. अशा प्लॉटमध्ये माशीचे कितीही महागडे औषध मारले तरी उपयोग शून्य, आणि दुधाच्या द्रावणात बुडवलेले हात व निर्जंतुक केलेली कात्री मोलाची.

चारही रोगांत पाने वाकडी होतात, पिवळी पडतात, झाड खुरटते. नुसत्या डोळ्यांनी, तेही फोटोवरून, छातीठोक निदान करणे जाणकारालाही अवघड. त्यात दोन-तीन विषाणूंची एकत्र लागण झाली तर लक्षणे आणखी गोंधळात टाकतात. काही वेळा तणनाशकाचा वारा किंवा बोरॉनची कमतरताही असाच चेहरा दाखवते. एलायझा आणि पीसीआर या चाचण्यांनी ही कोंडी फोडली. आता शेताच्या बांधावर काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्याही काही विषाणूंसाठी उपलब्ध आहेत.

विषाणू मारणारे औषध शेतीसाठी आजही नाही. नियंत्रण म्हणजे या वाटांवर नाकी बसवणे. पहिले नाके रोपवाटिकेचे: दाट जाळी, दुहेरी दार, खात्रीचे बियाणे, आत-बाहेर करणाऱ्यांवर मर्यादा. दुसरे लागवडीचे: जुन्या प्लॉटपासून अंतर, कडेला मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी, माव्याला आणि माशीला चकवणारा चंदेरी मल्चिंग पेपर, पिवळे-निळे चिकट सापळे. मक्याच्या ओळीत येणारा मावा आपली सोंड तिथे पुसून घेतो आणि त्याच्यावरचा काकडी मोझॅक तिथेच संपतो. इतका साधा हिशेब आहे. तिसरे नाके उपटणीचे: पहिली रोगट रोपे दिसताच पिशवीत भरून बाहेर काढणे. मन मोडणारे हे काम असते, पण पहिल्या महिन्यात त्याच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. चौथे हंगामाच्या शेवटचे: तोडे संपले की प्लॉट तसाच वाळत न ठेवणे. हे शेवटचे नाके एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसते. शेजाऱ्याने प्लॉट सोडून दिला, तर आपली जाळी निम्मी वाया गेलीच म्हणायची. एखाद्या गावाने लागवडीची वेळ ठरवून मध्ये मोकळा काळ ठेवला, तर तो कोणत्याही फवाऱ्यापेक्षा वरचढ ठरतो.

प्रतिकारक जात हा सर्वांत सुखाचा मार्ग. रानटी टोमॅटोतून आणलेल्या जनुकांच्या आधारावर लीफ कर्लला तोंड देणारे अनेक संकरित वाण बाजारात आले; बंगळूरूच्या संस्थेचे ‘अर्का रक्षक’ हे त्यांपैकी ओळखीचे नाव. परंतु इतिहास सावध करतो. भेंडीत ‘पुसा सावनी’ ही हळद्याला दाद न देणारी म्हणून गाजली, आणि काही वर्षांत तिचा प्रतिकार ढासळला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीचा आधार घेऊन ‘परभणी क्रांती’ आणली. तिने महाराष्ट्राच्या भेंडीला मोठा आधार दिला, पण पुढे तिच्यावरही रोग दिसू लागला. टोमॅटोत दशकानुदशके टिकलेला मोझॅकविरोधी प्रतिकार २०१४ मध्ये इस्रायलमध्ये आढळलेल्या ब्राउन रुगोज नावाच्या नव्या विषाणूने भेदला आणि काही वर्षांतच तो विषाणू बियाणे आणि फळांबरोबर अनेक खंडांत पोहोचला. काकडी मोझॅकला टोमॅटोत खात्रीने रोखणारे वाण अजूनही दुर्मीळच.

गोठ्यातली आणि घरातली कथा याच नियमांनी चालते, फक्त शस्त्रे वेगळी. २०२२ मध्ये महाराष्ट्रात गाई-बैलांना लम्पीने गाठले. देवीच्या घराण्यातला हा विषाणू डास, माश्या आणि गोचिडांमार्फत पसरतो. जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि शेळ्यांच्या देवीवरची लस गाईंना देण्याची मोहीम राज्यभर चालली, कारण दोन्ही विषाणू जवळचे नातलग. शेतात जे काम जाळी आणि उपटणी करतात, ते गोठ्यात लस आणि विलगीकरण करतात. लसीकरणाच्याच जोरावर माणसाची देवी १९८० मध्ये आणि गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. याच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये २०२१ मध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. तिथे नाके बसले ते डासांच्या पाणवठ्यांवर. जुन्नरच्या उसात राहणारा बिबट्या गावातल्या कुत्र्यांवर जगतो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांचे बळी घेणारा डिस्टेंपर हा कुत्र्यांतही पसरणारा रोग आहे, त्यामुळे गावातल्या कुत्र्यांचे लसीकरण हा या तालुक्यात वन्यजीवांचाही प्रश्न ठरतो. शेत, गोठा, घर आणि जंगल यांच्यातल्या भिंती आपण समजतो तेवढ्या पक्क्या नाहीत.

हे सारे आताच का वाचायचे? कारण विषाणूचा फटका आणि बाजाराचा भाव आता एकाच दोरीने बांधले गेले आहेत. २०२३ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या उत्पादकांनी पुन्हा काकडी मोझॅकची तक्रार केली. भाव पडल्यामुळे अनेकांनी लागवडही कमी केली होती. त्याच वर्षी जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजार रुपयांच्या पुढे गेला. ज्यांचे प्लॉट टिकले त्यांचे सोने झाले. ज्यांचे गेले त्यांना तो भाव केवळ बातमीत वाचावा लागला. एका एकरावर रोपे, तार-बांबू, मल्चिंग, ठिबक, मजुरी यांत लाखांच्या घरात पैसा गुंतलेला असताना चुकीच्या निदानावर फवारलेले औषध हा दुहेरी तोटा असतो. खर्च जातो तो जातोच, शिवाय त्याच औषधाला सरावलेली पांढरी माशी पुढच्या हंगामात आणखी निबर होऊन येते. आणि खाणाऱ्याच्या ताटात औषधाचा अंश वाढतो तो वेगळाच.

प्रस्तुत पुस्तक विषाणूशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही आणि फवारणीचे वेळापत्रकही नाही. कोणते औषध किती मिली, हे इथे शोधणारा वाचक निराश होईल, आणि ते जाणीवपूर्वक आहे. औषधांची यादी दोन वर्षांत जुनी होते, विषाणूच्या वाटा मात्र त्याच राहतात. रचना, संसर्ग, प्रसार आणि नियंत्रण हे चार धडे वेगवेगळे न ठेवता एकातून दुसरा कसा निघतो हे दाखवण्यावर भर आहे. उदाहरणे शक्य तिथे याच दोन तालुक्यांच्या पिकांतून आणि गोठ्यांतून घेतलेली आहेत, आणि शास्त्राच्या मूळ इतिहासाला जिथे तंबाखूकडे किंवा हॉलंडकडे जावे लागते तिथे ते बिनदिक्कत गेले आहे. परिभाषेचा हट्ट धरलेला नाही: मावा हा मावाच आहे, व्हायरसला व्हायरस म्हणण्याचीही मनाई नाही, आणि आरएनएला मराठी पर्याय शोधण्यात पाने घालवलेली नाहीत.

कृषी पदविकेच्या विद्यार्थ्याने ते सुरुवातीपासून वाचावे. अनुभवी उत्पादकाने प्रसाराच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. तिथल्या गोष्टी पटल्या की तो आपणहून रचनेकडे मागे वळेल. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आणि रोपवाटिकाधारकांनी ते आवर्जून वाचावे, कारण शेतकऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा त्यांच्याच काउंटरवर येतो आणि तिथे मिळालेल्या उत्तरावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

एक विनंती मात्र सर्वांनाच. पुढच्या हंगामात पहिले वाकडे पान दिसेल, तेव्हा दुकानात जाण्याआधी एक दिवस थांबावे. कोवळ्या शेंड्याचा नमुना ओल्या कागदात गुंडाळून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी अधिकाऱ्याकडे न्यावा, रोपे कुठून आणली आणि शेजारी कोणते पीक उभे आहे हे सांगावे, आणि एकच प्रश्न विचारावा: हा नेमका कोणता विषाणू? उत्तर हाती आल्यावर काय करायचे, ते पुढच्या पानांत आहे.